जिनाच्या हौदाला वळसा

आमच्या ह्यांच्या हातात कुठलीही वस्तू द्या, आधी ती तळहातावर घेऊन खालीवर करणार. मग डोळे अर्धवट मिटणार. मग म्हणणार, "हं, आहे माल." केळीच्या अडतीवर काट्यापाशी जन्म गेला माणसाचा. घड उचलायचा, वजन पुकारायचं, पुढचा घड. बरं, ती सवय घरी येताना काट्यापाशीच ठेवून यावी की नाही? छे! खरबूज तसंच, चप्पल तशीच, भिंतीवरचं घड्याळही तसंच. दुकानदार बिचारा काटे दाखवतोय, गजर वाजवून दाखवतोय आणि हे त्याचं वजन बघताहेत. मला बघायला आले तेव्हा मी पोह्यांची बशी पुढे केली, तर बशी घेऊन आधी तोलली. मला उचलून बघायची हिंमत झाली नाही, एवढंच माझं नशीब.

नाव मधुकर. घेते, घेते, उखाणा नाही घालत. पण नुसतं मधुकर म्हणून बऱ्हाणपुरात पत्ता लागायचा नाही. लोधीपुऱ्यापासून इतवाऱ्यापर्यंत कोणालाही विचारा, तो उलट विचारायचा, "कोणता मधुकर? विहिरीवाला?"

ही विहिरीची भानगड माझ्या लग्नाआधीची. ह्यांच्या काकांनी बहादरपूरच्या शेतासाठी ट्रॅक्टर घेतला. नवा कोरा. पूजेला आणि पेढ्यांना अख्खा लोधीपुरा गेला होता. नारळ फुटला, हार चढला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि स्टेअरिंगवर बसायचा मान पुतण्याला मिळाला. काम काय, तर लिंबं चिरडून चार हात पुढे जायचं आणि थांबायचं. लिंबं चिरडली. थांबायचं राहिलं. समोर विहीर होती. पाणी छातीएवढंच होतं म्हणून माणूस वाचला, ट्रॅक्टर मात्र हारासकट आत.

झालं. त्या दिवसापासून ह्यांच्या हातात कोणी किल्ली म्हणून दिली नाही. सायकलची सुद्धा नाही. लग्नानंतर मी लूना शिकले, मग स्कूटी घेतली, आणि हे मागे. मांडीवर भाजीची पिशवी, एक हात माझ्या खांद्यावर. मागे बसून "ब्रेक, ब्रेक!" ओरडायची मात्र भारी हौस. मी म्हणायची, "अहो, ब्रेक तेव्हा मारला असता तर आज तुम्ही पुढे बसला असता." हसायचे बिचारे. मला वाटायचं, ह्यांनाही गंमत वाटते.

आणि तो किस्सा विसरला जाईल म्हणाल, तर लीलाधरभाऊ होते ना! इतवाऱ्यात त्यांचं भांड्यांचं दुकान, आमच्या ह्यांच्या शाळेतले सोबती. बारसं असो, साखरपुडा असो, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत, लीलाधरभाऊंनी पहिला घास घेतला की किस्सा सुरू. दरवर्षी विहीर थोडी थोडी खोल होत गेली. शेवटी शेवटी तर त्यात मगर यायची तेवढी राहिली होती.

तर हे सगळं असं चाललेलं असताना बऱ्हाणपुरात इंटरनेटवरून माल मागवायची हवा आली. कुरिअरवाले चीनहून आलेली पाकिटं घेऊन गल्लीबोळांतून पत्ते विचारत फिरायचे. कॉलेजात शिकवणारे अरविंद सर त्या नादात सापडले. त्यांनी रिमोटवर पळणारी मोटार मागवली. हातभर लांब, खऱ्या मोटारीसारखी दिसणारी, सपाट जमिनीवर शर्यतीत पळवायची. अशी पोरखेळाची वाटणारी मोटार चार-पाच मोठी माणसं दर रविवारी सकाळी बंद पडलेल्या जिनाच्या, म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात पळवू लागली. कापसाची गाडी उभी राहायची तिथलं सिमेंट अजून गुळगुळीत होतं. मध्ये आगीसाठी बांधलेला पाण्याचा हौद, त्याच्या भोवतीनं शर्यतीची वाट. जुन्या ठिबकच्या नळ्या टाकून वाटेच्या कडा आखलेल्या.

आम्ही दोघं त्या रस्त्यानं बहादरपूरला निघालो होतो. आवाज ऐकून हे म्हणाले, "थांब गं जरा." मी स्कूटी थांबवली. हे बघत उभे राहिले. अरविंद सर परगावचे, त्यांना विहीर-बिहीर काही माहीत नाही. त्यांनी आपला रिमोट सरळ ह्यांच्या हातात दिला. "चालवून बघा काका."

चालवून बघा! हे शब्द त्या माणसाला इतक्या वर्षांत कोणी म्हटले नव्हते. मी चेहरा बघितला आणि मनात म्हटलं, कोकिळे, गेलं आता हे माणूस हातातून.

आठ दिवस घरात दुसरा विषय नाही. अरविंद सरांना गाठून गाठून विचारलं, स्वस्तात सुरुवात कशी करायची. सरांनी चांगलं समजावलं हो. पहिली गाडी तयार घ्या, स्वतः जोडायच्या भानगडीत पडू नका. जिचे सुटे भाग इंदूरला मिळतात तीच घ्या, कारण मोडणार म्हणजे मोडणारच. मोठ्या मोटरचा हट्ट नको, आधी वळायला शिका. हात सैल सोडायचा तो रिमोटवर आणि चार्जरवर, गाड्या बदलल्या तरी ते दोन्ही राहतात. आणि शेवटी म्हणाले, "हलकी बघा काका. जितकी हलकी तितकी चपळ."

घरी आल्यावर ह्यांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "हलकी? पैसे देऊन हलकी?"

मी त्याच क्षणी ठरवलं, इंदूरला ह्यांना एकटं सोडायचं नाही. नाही तर रोडरोलर घेऊन येतील.

दुकानदारानं तीन गाड्या काढून काउंटरवर ठेवल्या. पहिली प्लास्टिकची. ह्यांनी उचलली, तोलली, ठेवली. "पोकळ आहे." दुसरी काळ्या चकचकीत पत्र्याची, पत्रा नव्हे म्हणे, कार्बन. तिचं वजन आणखी कमी आणि भाव दुपटीच्या वर. ह्यांनी ती दोनदा तोलली, भाव पुन्हा विचारला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "लुटतोय. वजन उतरतंय तसा भाव चढवतोय." तिसरी कोणाची तरी वापरून परत आलेली, अल्युमिनियमच्या जाड पाटीवर बसवलेली, आत पोलादी दांडे. ती उचलली मात्र, डोळे अर्धवट मिटले. मी ओळखलं, लागला निकाल.

"हं, आहे माल."

दुकानदार प्रामाणिक होता बिचारा. म्हणाला, "भाईसाब, ये तौल के नहीं बिकती. ये वाली धीमी है."

हे म्हणाले, "मला पळायचं नाही, पोचायचंय."

मग बॅटरी. हलक्या, नव्या जातीच्या बॅटऱ्या समोर असताना ह्यांनी जुन्या जातीची, विटेसारखी उचलली. ती स्वस्तही होती, तेव्हा माझं तोंड बंद. चार्जर सगळ्यात जड तो. चाकं रबराची, तीही दोन्ही हातांत दोन जोड धरून निवडलेली. रिमोट मात्र सरांनी सांगितला तोच घेतला, कारण त्यात आठ सेल बसत होते आणि तोही वजनाला भरला. दुकानदार हात जोडून म्हणाला, "भाभीजी, थैला मज़बूत लाए हो ना?" वरच्या टपाचा रंग तेवढा मी निवडला. लाल. म्हटलं, "लालच घ्या, हौदात पडली तर दिसेल तरी."

एरवी हसले असते. तेव्हा हसले नाहीत. "नाही पडणार," एवढंच म्हणाले आणि बसमध्ये बऱ्हाणपूर येईपर्यंत गाडी मांडीवर घेऊन बसले.

घरी आल्यावर पूजा आलीच. वाहन ते वाहन, रीत सोडून कशी चालेल? मी कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हाराऐवजी दोन शेवंतीची फुलं चिकटवली, आणि चाकांखाली लिंबं ठेवली. आता झालं काय, लिंबू चाकाएवढंच. ह्यांनी रिमोटचा बंदुकीसारखा घोडा दाबला, गाडी लिंबावर चढली आणि सरळ पाठीवर पडली. चारी चाकं वर, गरागरा. मला जे हसू फुटलं! पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. हे उठले, गाडी सरळ केली, लिंबं उचलून बाजूला ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकदा, कोकिळा. एकदाच. लोधीपुऱ्यासमोर त्या हौदाला वळसा घालून गाडी रेषेपार न्यायची. मग तो किस्सा बंद."

माझं हसू जागच्या जागी विरलं. म्हणजे ह्यांना कधीच गंमत वाटली नव्हती तर.

त्या दिवसापासून गच्चीवर सराव. मी पाण्यानं भरलेली परात मध्ये ठेवायची, हाच हौद, आणि हे तिच्याभोवती. रोज संध्याकाळी. पहिल्यांदा परात दर फेरीला वाजायची, शेजारीण विचारायची, "कोण आलं गं?" मग चार फेऱ्यांत एकदा वाजू लागली. मग वाजायची थांबली. गाडी हळू होती, अगदी माझ्या सासूबाईंच्या चालीची, पण वळायची कशी शहाण्यासारखी!

ही बातमी लीलाधरभाऊंना लागली नाही तर ते लीलाधरभाऊ कसले! त्यांनी लगेच दुकानातल्या कॉम्प्युटरवरून सगळ्यात हलकी, सगळ्यात महाग, पिवळी जर्द गाडी मागवली. आणि इतवाऱ्यात बोंब ठोकली, "रविवारी जिनात या रे! मधुकर गाडी चालवणार आहे. आणि मध्ये हौद आहे!"

आता असं आमंत्रण कोण सोडतंय? रविवारी जिनात जत्रा. लोधीपुरा, इतवारा, अडतीवरची माणसं, कोणी भेळेचा डबा घेऊन आलेलं. अरविंद सरांनी हौदाच्या कडेनं केळीची प्लास्टिकची कॅरेटं रचून भिंत केली होती, कारण त्या बाजूचा कठडा पडून जमिनीला लागलेला. आमच्या लोकांनी काय करावं? बसायला नीट पाहिजे म्हणून ती कॅरेटं ओढून घेतली आणि त्यांवर बसले. सर ओरडताहेत, "अहो, ती भिंत आहे!" आणि लोक म्हणताहेत, "सर, पुढचा माणूस आडवा येतो ना."

चालवणाऱ्यांना सगळी वाट दिसावी म्हणून एक ट्रॅक्टरची ट्रॉली उभी केली होती. त्यावर पाच जण रिमोट घेऊन उभे. ट्रॉली बघून गर्दीत एकानं आवाज दिला, "मधुकरभाऊ, ट्रॅक्टर लांब ठेवलाय, भिऊ नका!" हा हशा. मी ट्रॉलीला टेकून खाली उभी होते. मागे वळून अशी नजर दिली की तो भेळ खायला लागला.

सुरू झाली शर्यत. दहा फेऱ्या, आणि पहिली गाडी दहाव्या फेरीला लागली की ती सगळ्यांचीच शेवटची. पिवळी सुटली ती दिसेचना. आमची लाल, आपली निघाली वजन सांभाळत. पहिला वळसा आला, लोक उभे राहिले. गाडी हौदापाशी आली, वळली, पुढे गेली. लोक खाली बसले. दुसऱ्या वळशाला पुन्हा उभे, पुन्हा बसले. पाचव्या फेरीपर्यंत लोक कंटाळून उठायचेच बंद झाले. मला इतका आनंद होत होता म्हणून सांगू! दोघांच्या गाड्या नळ्यांवर आपटून मोडल्या, चाकं कुठे, टप कुठे. पिवळीनं आमच्या लालला दोनदा मागे टाकलं, प्रत्येक वेळी लीलाधरभाऊ म्हणायचे, "मधुकर, बाजूला हो रे, मालगाडी!" हे मान वर करतील तर शपथ. ओठ घट्ट, डोळे गाडीवर.

पिवळी शेवटच्या फेरीला लागली होती. लीलाधरभाऊंना वाटलं, लोकांना जरा झलक दाखवावी. हौदाच्या वळणावर घोडा पूर्ण दाबला. तिथे जिनातली जुनी रुई, कापसाचे पुंजके, उडून सिमेंटवर पसरली होती. हलकी गाडी ती, घसरली, नळीवरून उडाली, कॅरेटं असती तर अडली असती, पण कॅरेटांवर तर आमचा लोधीपुरा बसला होता. पिवळी सगळ्यांच्या पायांमधून सरळ हौदात.

असा हशा मी जन्मात ऐकला नाही. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. मोबाइल बाहेर निघाले. पिवळी पाण्यावर उलटी तरंगत होती, हळूहळू भरत होती, आणि लीलाधरभाऊ ट्रॉलीवरून उतरून काठावर. पांढरा झक्क सदरा, पोहता येत नाही, पाण्याकडे वाकताहेत, मागे येताहेत. "अरे, कोणी तरी काढा रे! बुडतेय रे!" त्यावर लोक आणखीच हसताहेत. मी सुद्धा हसत होते, खोटं कशाला बोलू? मनात म्हटलं, सांगा आता, मगर घालून सांगा.

आमची लाल तेव्हा शेवटच्या वळशापाशी आली होती. वळसा घातला की समोर सरळ रेषा. मी वर बघितलं. हे गाडीकडे बघतच नव्हते. काठावरच्या लीलाधरभाऊंकडे बघत होते.

"धर गं," म्हणाले आणि रिमोट माझ्या हातात कोंबला. "अहो, एकच वळण राहिलंय!" मी ओरडले. ऐकायला होते कोण? उडी मारून उतरले, गर्दीतून वाट काढली आणि कपड्यांनिशी हौदात. पाणी छातीएवढं.

आता माझं ऐका. मी इतक्या वर्षांची स्कूटी चालवणारी बाई. हातात काही आलं की मूठ आवळते. मूठ आवळली. तो रिमोटचा घोडा होता. वळणावर उभी असलेली आमची शहाणी लाल गाडी अशी सुटली की बस! मी रिमोटच उजवीकडे वळवला, मग डावीकडे, मग स्वतः वाकले. गाडी काही वाकली नाही. नळी ओलांडली, एकाच्या भेळेवरून गेली आणि धुप्पकन पाण्यात. ही तरंगली-बिरंगली नाही. जी गेली ती तळाला.

"पुन्हा घातली! मधुकरनं पुन्हा घातली!" सगळा जिन गरजला.

माझं डोकंच फिरलं. "डोळे फुटले का रे तुमचे? ते आत उभे आहेत ना पाण्यात! गाडी मी घातली, मी! कोकिळानं घातली! सांगा इतवाऱ्यात जाऊन!" माझा आवाज तसा अडतीवरही ऐकू जातो. बाहेर निघालेले मोबाइल खाली गेले.

ह्यांनी पिवळी आधीच धरली होती. मग बुडी मारली, बराच वेळ वरच येईनात. आले. एका हातात पिवळी, एका हातात लाल, डोक्यावर शेवाळ. दोन्ही गाड्यांतून पाणी गळतंय. आणि काय करावं ह्या माणसानं? दोन्ही हात खालीवर झाले. डोळे अर्धवट मिटले.

"लीलाधर," म्हणाले, "तुझी लई हलकी आहे रे."

कोणी हसलं नाही. लीलाधरभाऊंचा चेहरा कसा झाला होता! पांढऱ्या सदऱ्याची बाही वर सारली, गुडघे टेकून त्या शेवाळलेल्या काठावर बसले आणि हात पुढे केला. "गाड्या राहू दे. तू हात दे आधी."

पहिला नंबर कोणाचा आला, ते अजून कोणाला सांगता येत नाही. रेषेकडे कोणी बघतच नव्हतं.

परत निघालो. मी पुढे, हे मागे, पिशवीत दोन्ही गाड्या, लीलाधरभाऊंची सुद्धा, वाळवून देतो म्हणाले. ह्यांच्या ओल्या सदऱ्यानं माझी पाठ भिजत होती. मी मनातल्या मनात रडकुंडीला आलेली. एका वळणासाठी गेलं सगळं, आणि तेही माझ्या हातानं. म्हटलं, "अहो, पोचला असता हो. का सोडलंत?"

चौक आला, गेला. "ब्रेक" सुद्धा म्हणाले नाहीत. मग माझ्या कानाशी आले.

"तेव्हा विहिरीतून वर बघितलं ना मी, तर कडेनं गोल सगळे उभे. ओळखीचे. काका, लीलाधर, सगळे. सगळे हसत होते. हात कोणीच दिला नाही गं. मी पाण्याच्या मोटरच्या पाइपाला धरून एकटाच वर आलो."

मी गाडी हळू केली.

"आज लीलाधरनं हात दिला," ते म्हणाले. एखाद्या माणसानं कप जिंकून आणावा तसं म्हणाले.

मला पुढचा रस्ता दिसेना. डोळे पुसायला हात सोडावा तर गाडी माझ्या भरवशावर. म्हटलं, "नीट धरून बसा. पुढे खड्डा आहे."